तरंगती लाकडी फळी घरी बनवून भिंतीवर लावताना : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नौपाड्यातल्या आमच्या जुन्या घरात फळी लावायची म्हणजे अर्ध्या तासाचं काम होतं. दीड विटेची भिंत, तिच्यात लाकडी खुंटी ठोकायची, वर फळी, झालं. पुढे घोडबंदर रोडला राहायला आलो आणि कळलं की भिंतच बदलली आहे. गेली काही वर्षं मी माझ्या आणि नात्यातल्यांच्या घरी, ठाण्यात, ऐरोलीत, खारघरला, अशा फळ्या बनवते आणि लावते. विचारणारे बहुतेक जण लाकडाबद्दल विचारतात. पण फळी पडते तेव्हा लाकूड मोडलेलं नसतं, भिंतीने स्क्रू सोडलेला असतो. म्हणून इथे भिंतीबद्दल जास्त लिहिलं आहे.

तरंगती फळी म्हणजे नेमकं काय?

जिचा आधार बाहेरून दिसत नाही ती. खाली ब्रॅकेट नाही, वरून साखळी नाही. आधार फळीच्या पोटात असतो. भिंतीवर एक लाकडी पट्टी घट्ट बसवतात, त्या पट्टीला पुढे आलेले दात असतात, फणीसारखे, आणि वरून पोकळ पेटीसारखी फळी सरकवतात. दुसऱ्या प्रकारात भिंतीत लोखंडी सळया बसवून त्यावर अख्खी जाड फळी सरकवतात. घरी करायला पट्टीचा प्रकार चांगला. सळईचं भोक एक अंश जरी वाकडं गेलं तरी फळी वाकडी बसते, आणि चार इंची भिंतीत खोल भोक पाडताना पलीकडचं प्लॅस्टर उडतं.

माझी भिंत कशाची आहे हे कसं ओळखू?

ठोकून पाहिलं तर थोडा अंदाज येतो, पण खात्री होते ती बुकणीवरून. मी ज्यांच्याकडून हे काम शिकले ते सुतारकाका प्रत्येक घरात पहिलं भोक पाडण्याआधी जुनं पाकीट उघडून, त्याचं तोंड पसरून, भोकाखाली चिकटपट्टीने लावायचे. म्हणायचे, "ताई, मशिनकडे बघू नका, पाकिटात काय पडतंय ते बघा."

पाकिटात आधी पांढरीशुभ्र, पिठासारखी बुकणी पडते. ते जिप्सम किंवा पीओपी. तो थर साधारण एक सेंटिमीटरचा असतो आणि त्याच्यात अजिबात ताकद नसते. सिमेंटचं प्लॅस्टर असेल तर करडी, वाळूसारखी खरखरीत बुकणी येते. त्याच्या पुढे जे येतं ती खरी भिंत. लालसर बुकणी आली तर वीट. पांढरट-करडी, भुसभुशीत, आणि बिट, म्हणजे मशिनला लावलेली भोक पाडायची सळई, लोण्यात गेल्यासारखं आत गेलं, तर हलक्या सिमेंटचा ब्लॉक. सगळे याला सिपोरेक्स म्हणतात, नाव खरं तर एएसी. आणि मशिन थरथरतंय, आवाज चढलाय, बिट तापलंय, बुकणी बारीक करडी आणि चिमूटभरच पडतेय, तर काँक्रीट.

हे पहिलं भोक फळीच्या पट्टीमागे झाकलं जाईल अशाच जागी पाडा, म्हणजे वाया जात नाही. एकाच घरात दोन प्रकारच्या भिंती असणं नेहमीचं आहे. हॉलची एक भिंत काँक्रीटची आणि तिला लागून असलेली ब्लॉकची, असं मी कितीतरी ठिकाणी पाहिलं आहे. म्हणून एका भिंतीवरून दुसरीबद्दल ठरवू नका.

आमच्या भागात साधारण कुठल्या भिंती असतात?

नौपाडा, चरई, जांभळी नाका इकडच्या जुन्या इमारतींत वीट, कधी चांगली नऊ इंची. वाशी, नेरूळ, बेलापूरकडच्या सिडकोच्या जुन्या घरांतही आतल्या भिंती बहुधा विटेच्याच, पण चार इंची. सिडको स्थापन झाली १९७० मध्ये, तेव्हा यातल्या पुष्कळ भिंतींनी आता चाळीसेक पावसाळे पाहिले आहेत. प्लॅस्टर पोकळ वाजत असेल तर तिथे काही लावू नका. घोडबंदर रोड, कोलशेत, खारघर, उलवे इथल्या गेल्या पंधरा-वीस वर्षांतल्या उंच इमारतींत एक तर ब्लॉक, नाही तर ॲल्युमिनियमच्या साच्यात ओतलेल्या काँक्रीटच्या भिंती. या दुसऱ्या प्रकाराला लोक मिवान म्हणतात. हा फक्त अंदाज आहे. पाकीट लावून बघाच.

ब्लॉकच्या भिंतीवर पुस्तकांची फळी राहील का?

राहील, पण साध्या प्लास्टिकच्या गिट्टीवर, म्हणजे स्क्रू धरायला भोकात ठोकतात त्या नळीवर, नाही. हे मी अनुभवावरून सांगते. नव्या घरात मी लावलेली पहिली फळी तीन फुटी होती, पाच गिट्ट्या, पाच स्क्रू, वर बाबांची पुस्तकं. सात आठवडे ती राहिली. एका पहाटे मोठा आवाज झाला. जाऊन पाहिलं तर पाचही स्क्रू गिट्टीसकट बाहेर आलेले, एकही वाकलेला नाही, आणि भिंतीत पाच खळगे, बोट फिरवलं तर वाळूसारखे झडणारे. बाबांच्या दोन जुन्या पुस्तकांची बांधणी तुटली. खाली कुणी झोपलेलं नव्हतं, एवढंच बरं. त्यानंतर मी भिंत बघितल्याशिवाय हातात मशिन घेत नाही.

एएसी ब्लॉक हा हवेच्या बारीक पोकळ्यांनी भरलेला असतो. त्याची घनता विटेच्या साधारण एक तृतीयांश. साधी गिट्टी फुगून आजूबाजूला दाब देते आणि त्या दाबानेच ब्लॉक आतून चुरडतो. वरवर घट्ट वाटतं, पण भोक रोज थोडं थोडं मोठं होत असतं. त्यामुळे इथे तीन गोष्टी पाळा. भोक पाडताना मशिनचा हॅमर बंद ठेवा, नुसतं फिरवा. १० मि.मी.चे लांब नायलॉन अँकर (अँकर म्हणजे स्क्रूला भिंतीत धरून ठेवणारा तुकडा, गिट्टी हाही त्याचाच साधा प्रकार) किंवा खास ब्लॉकसाठी मिळणारे पिळाचे अँकर घ्या, आणि ते ब्लॉकमध्ये निदान ७० मि.मी. जातील असं बघा, प्लॅस्टर मोजू नका. जास्त वजन असेल तर भोकात रसायन भरून त्यात सळई बसवायचा केमिकल अँकर वापरा. भोक ब्रशने आणि फुंकणीने साफ केलं नाही तर रसायन बुकणीला चिकटतं, भिंतीला नाही.

चौथी गोष्ट या सगळ्यांहून मोलाची : फळीला पाठ द्या. ती का, हे पुढच्या उत्तरातल्या आकड्यांवरून कळेल.

फळीची खोली किती ठेवावी? सगळे बारा इंच म्हणतात.

बारा इंच हे कपाटाचं माप आहे. पुस्तकाला ते लागत नाही. आपलं नेहमीचं मराठी पुस्तक डेमी आकाराचं, म्हणजे साडेपाच इंच रुंद, साडेआठ इंच उंच. त्याला सात इंचांची फळी भरपूर झाली. प्रत्येक जादा इंच स्क्रूवर किती ओढ आणतो ते बघा.

तीन फुटांच्या फळीवर डेमी पुस्तकं दाटीने लावली तर साधारण २० किलो होतात. फळीचं स्वतःचं वजन धरा ५ किलो. एकूण २५. फळी १० इंच, म्हणजे २५ सें.मी. खोल असेल आणि वजन सगळीकडे सारखं पसरलेलं असेल, तर त्याचा मध्य भिंतीपासून साडेबारा सें.मी.वर येतो. आता फळी दोन इंच जाड आहे. तिची खालची कड भिंतीला टेकलेली आहे आणि स्क्रू त्या कडेपासून फक्त २.२ सें.मी. वर आहेत. पहारीचाच हिशोब आहे हा : २५ गुणिले १२.५, भागिले २.२. उत्तर येतं सुमारे १४० किलो. म्हणजे वजन २५ किलोचं, पण स्क्रूंना भिंतीतून उपटू पाहणारी ओढ १४० किलोंची! पाच स्क्रू असतील तर प्रत्येकाला २८. विटेत किंवा काँक्रीटमध्ये हे निभतं. ब्लॉकमध्ये साध्या गिट्टीवर, रोज, वर्षानुवर्षं, निभत नाही.

तीच फळी १८ सें.मी. खोल केली तर ओढ १०० किलोंवर येते. पुस्तकं भिंतीला टेकवून ठेवली तर ८० च्या आसपास. आणि फळीला ३० सें.मी. उंचीची पाठ दिली, म्हणजे १८ मि.मी. प्लायचा तुकडा भिंतीला लावून फळी त्याच्या तळाशी काटकोनात पक्की जोडली, आणि वरचे स्क्रू तळापासून २८ सें.मी. उंचीवर मारले, तर पहिल्या २५ सें.मी. खोल फळीसाठीसुद्धा हीच ओढ अवघी ११ किलो होते! हा आकडा मी पहिल्यांदा कागदावर मांडला तेव्हा तीनदा तपासला होता. अर्थात आता सगळा जोर फळी आणि पाठ जिथे मिळतात त्या सांध्यावर येतो. तिथे फेविकॉल, मागून दर चार इंचांवर स्क्रू, आणि दोन्ही टोकांना प्लायच्या बाजूपट्ट्या हव्यातच.

पाठीला भिंतीचाच रंग दिला की ती पुस्तकांमागे दिसतही नाही. ब्लॉकची भिंत असलेल्या प्रत्येकाला मी हेच करायला सांगते.

किती वजन चालेल, एक आकडा सांगा ना.

भिंत बघितल्याशिवाय आकडा सांगणं बरोबर नाही. मी एक करते : लावल्यावर पुस्तकं ठेवायच्या आधी, ठरलेल्या वजनाच्या दीडपट वजन फळीवर दोन दिवस ठेवते. पाण्याच्या बाटल्या सोयीच्या, लिटरला एक किलो. खाली गादी टाकायची, फळीच्या पुढच्या कडेपासून जमिनीपर्यंतचं अंतर टेपने मोजून पेन्सिलीने भिंतीवर लिहायचं, दोन दिवसांनी परत मोजायचं. दोन मिलिमीटरहून जास्त फरक पडला तर फळी उतरवा आणि अँकर बदला.

काँक्रीटच्या भिंतीत ड्रिल जातच नाही, काय करू?

घरगुती मशिनने दाबत बसू नका, बिट जळेल आणि हात दुखेल. एसडीएस बिटाचा रोटरी हॅमर, म्हणजे ठोकत ठोकत फिरणारं दणकट मशिन, भाड्याने आणा, हार्डवेअरच्या दुकानांत चौकशी केली की मिळतो. तेच भोक काही सेकंदांत होतं. इथे ८ मि.मी.ची साधी गिट्टीसुद्धा उत्तम धरते, फक्त ती जिप्समच्या थरात अडकून राहू नये, आत काँक्रीटपर्यंत पोचायला हवी. दोन-तीन सेंटिमीटरवर बिट अचानक थांबलं, आवाज धातूचा आला, तर आत सळई आहे. ती कापायची नाही. भोक बाजूला सरकवा. पट्टीत आधीच एक-दोन जादा भोकं पाडून ठेवली तर अशा वेळी हाल होत नाहीत.

या भिंती इमारतीचा भार घेतात. गिट्टीच्या भोकाने त्यांना काही होत नाही, पण खाच मारणं, तोडणं, मोठं भोक पाडणं अजिबात नाही. सोसायटीला विचारून घ्या.

आणि विटेची भिंत?

सगळ्यात सोपी. भोक विटेत पाडा, दोन विटांमधल्या सांध्यात नको. बुकणी लाल यायला हवी. १० मि.मी.ची गिट्टी आणि ६ बाय १०० मि.मी.चा स्क्रू मी वापरते. त्यातले ३२ मि.मी. पट्टीत जातात, बारा-पंधरा प्लॅस्टरमध्ये, उरलेले विटेत. चार इंची भिंतीत याहून लांब जायची गरज नाही, पलीकडे शेजाऱ्यांचं प्लॅस्टर आहे.

लाकूड कुठलं घेऊ?

पोकळ पेटी करणार असाल तर वरचा थर १२ मि.मी. प्लायचा, खालचा ६ मि.मी.चा, आतली पट्टी आणि दात पाइनचे. हॉलमध्ये आयएस ३०३ चा शिक्का असलेला प्लाय चालतो. स्वयंपाकघरासाठी आयएस ७१० घ्या, तो उकळत्या पाण्याला टिकणाऱ्या गोंदाचा असतो. शिक्का नसलेला प्लाय स्वस्तात मिळतो, पण कापल्यावर आत पोकळ जागा निघतात आणि नेमका तिथेच स्क्रू जातो. दुकानात कड बघून घ्या.

एमडीएफ दिसायला गुळगुळीत आणि रंगवायला छान. तरीही आपल्याकडे नको. पावसाळ्यात कडेने ओल पिऊन फुगतो आणि एकदा फुगला की बसत नाही.

सागाची अख्खी फळी हौसेने लावणारे आहेत आणि ती दिसतेही देखणी. पण ती मुरलेली असावी. लाकूड हवेतली ओल घेतं आणि सोडतं, आणि त्याप्रमाणे आडव्या दिशेने फुगतं, आक्रसतं. तंतूंच्या लांबीत जवळपास काहीच फरक पडत नाही. ठाण्यात उन्हाळ्याच्या तोंडाशी आणि जुलैत हवेत केवढा फरक असतो ते आपण कपाटाच्या दारांवरून ओळखतो. म्हणून आणलेलं लाकूड निदान दोन आठवडे घरातच, ज्या खोलीत लावायचं तिथे, मध्ये पट्ट्या ठेवून आडवं रचून ठेवा. आणि अख्खी फळी पट्टीला पक्की चिकटवू नका, स्क्रूची भोकं थोडी लांबट ठेवा, तिला हलायला जागा मिळू द्या.

पॅकिंगच्या खोक्यांचं जुनं पाइन स्वस्त असतं आणि पट्ट्यांना उत्तम. त्यावर एचटी असा शिक्का शोधा. त्याचा अर्थ लाकूड गाभ्यापर्यंत ५६ अंशांवर निदान ३० मिनिटं तापवलं आहे. एमबी असेल तर त्यावर मिथाइल ब्रोमाइडची धुरी दिलेली आहे, ते घरात आणू नका.

सामान कुठून? प्लाय आणि हार्डवेअरसाठी नवी मुंबईकरांना तुर्भ्याचं जनता मार्केट सोयीचं. ठाण्यात प्रत्येक भागात प्लायवाले आहेत आणि बहुतेक जण मापात कापून देतात.

एका प्लायमधून किती फळ्या निघतात?

आठ बाय चारचा प्लाय म्हणजे २४४० बाय १२२० मि.मी. लांबीच्या दिशेने २० सें.मी.च्या पट्ट्या कापल्या तर करवतीच्या पात्याची जाडी धरूनही बरोबर सहा निघतात. प्रत्येक पट्टीतून तीन फुटी, म्हणजे ९० सें.मी.चे दोन तुकडे आणि दोन फुटी एक. म्हणजे एका प्लायमधून बारा मोठ्या आणि सहा लहान फळ्यांचे वरचे थर. एवढ्या फळ्या एका घरात लागत नाहीत. दोन-तीन घरं मिळून घ्या, किंवा दुकानात कापलेला अर्धा प्लाय मागा.

आता बनवायची कशी, पहिल्यापासून सांगा.

आधी पट्टी. ३२ मि.मी. चौकोनी पाइनची, फळीच्या लांबीपेक्षा चार सें.मी. कमी. तिला दर २० ते २५ सें.मी.वर एक दात, फळीच्या खोलीपेक्षा पाच सें.मी. आखूड. दात नुसता टोकाला चिकटवून चालत नाही, कारण तंतूंच्या टोकात स्क्रू नीट धरत नाही. पट्टीत एक सेंटिमीटर खोल खाच पाडा, दात त्यात बसवा, फेविकॉल लावा, आणि मागून लांब स्क्रू मारा. प्रत्येक दाताला गुण्या (काटकोन तपासायची पट्टी) लावून बघा. एक जरी दात खाली झुकला तर पेटी तिथे अडते.

मग पेटी. वरचा आणि खालचा थर, पुढे एक पट्टी, दोन्ही बाजूंना एकेक, मागची बाजू उघडी. आतली पोकळी ३३ मि.मी. ठेवा, म्हणजे ३२ च्या दातांवर ती सरकेल पण खुळखुळणार नाही. ही एक मिलिमीटरची जागा फार महत्त्वाची आहे. जास्त ठेवली तर फळीची पुढची कड पहिल्या दिवसापासून खाली दिसते. कमी ठेवली तर पावसाळ्यात पेटी निम्म्यावर अडकते आणि ना पुढे ना मागे. मी आतल्या बाजूने दोन्ही थरांना शंभर नंबरचा पॉलिश पेपर फिरवते आणि दातांना मेण चोळते, साधी मेणबत्ती चालते.

फेविकॉल लावून शिकंजा आवळला की रात्रभर हात लावायचा नाही. पावसाळ्यात पूर्ण दिवस द्या. प्लायच्या कडा झाकायला सागाची पातळ पट्टी लावा. मायक्याची कडपट्टीही चालते, पण सागाच्या पट्टीला पॉलिश केलं की पोकळ पेटी अख्ख्या लाकडाची वाटते.

पट्टी भिंतीवर बसवली, तपासली, मगच पेटी सरकवायची. शेवटी वरच्या थरातून आणि खालच्या थरातून पट्टीत बारीक स्क्रू, दर सहा इंचांवर. लोक हे टाळतात कारण स्क्रूचं डोकं दिसतं. टाळू नका. वरचा थर पट्टीला बांधला गेला की सगळा जोर एकट्या दातांवर येत नाही. डोकं थोडं आत घालून वर लांबी, म्हणजे लाकडात भरायची लुगदी, भरा.

सरळ लागली आहे हे कसं बघायचं?

पाणसळीने. पण आधी पाणसळ तपासा : पट्टीवर ठेवा, बुडबुडा कुठे आहे बघा, मग पाणसळ टोकं बदलून त्याच जागी ठेवा. बुडबुडा दोन्ही वेळा त्याच बाजूला तितकाच दिसायला हवा. नसेल तर पाणसळच चुकीची आहे. दोन फळ्या लांब अंतरावर एका रेषेत हव्या असतील तर पारदर्शक नळीत पाणी भरून पातळी घ्या. गवंडी अजूनही तेच करतात. छतापासून किंवा लादीपासून माप घेऊ नका, दोन्ही क्वचितच सपाट असतात.

भिंतही सपाट नसते. पट्टीमागे फट दिसली तर स्क्रू आवळून ती मिटवू नका, पट्टी वाकेल. फटीत विनियरचे, म्हणजे लाकडाच्या पातळ पापुद्र्याचे, तुकडे सारा.

भोक पाडताना वायर किंवा पाइप लागला तर?

भीती योग्यच आहे. स्विचबोर्डाच्या सरळ वर, सरळ खाली आणि दोन्ही बाजूंना आडव्या रेषेत हातभर पट्टा सोडा. वायरच्या नळ्या बहुधा याच रेषांत जातात. एसीच्या पॉइंटचंही तेच. बाथरूमच्या पाठीमागच्या भिंतीवर नळाच्या आणि गीझरच्या रेषेत काही लावू नका. वायर शोधायचं छोटं यंत्र मिळतं, त्याचा उपयोग होतो, पण त्यावरच विसंबू नका. त्या खोलीचा एमसीबी बंद करून मशिन दुसऱ्या खोलीतून वायर ओढून चालवा. डोळ्यांना चष्मा, नाकाला मास्क. शिडीवर एकटं चढू नका.

पावसाळ्यात पॉलिश केलं तर पांढरं का पडलं?

हवेतली ओल पॉलिशच्या थरात अडकली म्हणून. मेलामाइन आणि लाखेचं पॉलिश यात लगेच पांढुरकं होतं. शक्य असेल तर हे काम दिवाळीनंतर ते मेपर्यंत उरका. अडलंच असेल तर खोली बंद करून कोरड्या दिवशी, दुपारी, पातळ थर द्या. आणि फळीची सगळी अंगं रंगवा, भिंतीकडची मागची बाजू आणि पेटीची आतली कडसुद्धा. एक बाजू उघडी राहिली की तिथून ओल शिरते आणि फळी वाकते.

जवसाचं तेल लावणाऱ्यांनी एक लक्षात ठेवा : तेलाचे बोळे चुरगाळून कोपऱ्यात किंवा कचऱ्याच्या डब्यात टाकू नका. ते वाळताना आपोआप तापतात आणि पेट घेऊ शकतात. पाण्यात भिजवा, किंवा मोकळे पसरून वाळवा.

फळी पुढे झुकली आहे. काढावी लागेल का?

आधी भिंतीकडे बघा. पट्टीच्या वरच्या कडेला भिंतीपासून फट दिसत असेल तर अँकर सुटतो आहे. आजच सगळं उतरवा. फट नसेल तर पेटी सैल आहे. तेव्हा पट्टीचे स्क्रू थोडे सैल करून तिच्या खालच्या कडेमागे विनियरची पट्टी सारा आणि परत आवळा. पुढची कड वर येते. नवीन फळी लावतानाही मी पुढची कड एक-दोन मिलिमीटर वर ठेवते, वजनाने ती सपाट होते.

स्वयंपाकघरात, देवघरासाठी चालेल का?

स्वयंपाकघरात कपबश्या, मसाल्याचे डबे, चहा-साखर, खुशाल. तांदळाचा डबा आणि लोणच्याच्या चिनी मातीच्या बरण्या नकोत. गॅसच्या वर तर फळीच नको, वाफ आणि तेल दोन्ही बसतं.

देवांसाठी फळी करता येते, छान दिसते. पण समई आणि निरांजनाचा विचार आधी करा. ज्योतीच्या वर हातभर मोकळी जागा हवी, म्हणजे देवांच्या फळीवर लगेच दुसरी फळी येता कामा नये, आणि दिव्याखाली पितळी ताम्हण ठेवा. गणपतीची मूर्ती मात्र तरंगत्या फळीवर बसवू नका. आरतीला घरभर माणसं असतात, मुलं पुढे येतात, कुणाचा तरी हात आधाराला फळीवर पडतोच. मूर्तीला जमिनीवर पाय असलेला चौरंगच हवा.

पलंगाच्या डोक्याशी लावू का?

नाही. पाळण्यावरही नाही.

पावसाची भिंत आहे, ओल येते.

तिथे लावू नका. जागा बदलणं शक्यच नसेल तर आधी बाहेरून गळती थांबवा, एक पावसाळा जाऊ द्या, मग बघा. ओल्या भिंतीवर लाकूड टेकलं की बुरशी येते आणि तिच्या मागोमाग वाळवी. तळमजल्यावर राहणाऱ्यांनी, आणि झाडं खिडकीला टेकलेली आहेत त्यांनी, पट्टी लावण्याआधी तिला वाळवीरोधक औषध दोनदा पाजावं, विशेषतः कापलेल्या टोकांना. भिंतीवर मातीची बारीक नळी दिसली तर ती वाळवीची वाट. फळीचं काम तिथेच थांबवा, आधी तिचा बंदोबस्त करा.

भाड्याच्या घरात लावली तर?

घरमालकांना आधी विचारा, आणि होकार लिहून घ्या, एक मेसेजही पुरतो. अकरा महिन्यांच्या करारात घर होतं तसं परत द्यायचं असतं. सोसायटीतही ड्रिलच्या वेळा ठरलेल्या असतात, बहुतेक ठिकाणी दुपारची विश्रांतीची वेळ आणि रविवार सोडून. काँक्रीटच्या इमारतीत एका भोकाचा आवाज चार मजले जातो. खालच्या-वरच्या घरांत आजारी माणूस, तान्हं बाळ, दहावी-बारावीचं मूल आहे का ते विचारून या. मी भोकं सगळी आखून ठेवते आणि एकाच वेळी पाडते, दहा मिनिटांत आवाज संपतो.

घर सोडताना भोकं कशी बुजवायची?

गिट्टी ओढून काढायचा प्रयत्न करू नका, भोवतालचं प्लॅस्टर निघतं. स्क्रू चार फेरे आत घालून पकडीने हळू ओढा, आली तर आली. नाही तर स्क्रू काढून घ्या आणि गिट्टी हातोडीने आत ढकला. भोकातली बुकणी फुंकून काढा, पाण्याचा ब्रश फिरवा. विटेच्या आणि काँक्रीटच्या भिंतीत पांढरं सिमेंट आणि थोडी बारीक वाळू. ब्लॉकच्या भिंतीत ब्लॉक जोडायचा तयार मसाला मिळतो तोच भरा. नुसतं सिमेंट तिथे सुकताना सुटून येतं. दोनदा भरा, कारण पहिला थर वाळताना आत बसतो. वाळला की पुट्टी, बारीक पॉलिश पेपर, आणि रंग. रंगाचा क्रमांक घरमालकांकडून आधीच घेऊन ठेवा. नाही मिळाला तर फळीच्या मागून निघालेला रंगाचा पोपडा दुकानात न्या, तोच दाखवून रंग जुळवून मिळतो.